थंडी मागणारे झाड

वसईच्या वाडीत लहानाचे मोठे झालेल्या माणसाला झाड विकत आणावे लागते, ही कल्पना सहजासहजी पचनी पडत नाही. केळीचा मुनवा शेजारच्या वाडीतून येतो, पानवेलीचे बेणे मामांकडून येते, अळूचा कांदा कोणी दिला हे तर पुढे आठवतही नाही. शिवाय झाडाबरोबर ते किती खोल लावावे, पाणी केव्हा द्यावे आणि केव्हा तोडावे हे सांगणारे वडीलधारे माणूसही आपोआप मिळते. परदेशात आल्यावर सारेच उलटे होते. रोपवाटिकेत प्रत्येक झाडाच्या गळ्यात नाव, उंची आणि किंमत लिहिलेली चिठ्ठी असते. परंतु ज्याच्या शब्दावर विसंबावे असे माणूस तेथे नसते. ते ज्ञान पुस्तके वाचून, शेजाऱ्यांना विचारून आणि मुख्य म्हणजे वर्षे खर्ची घालून मिळवावे लागते.

आम्ही उभयता १९८८ साली कॅनडात आलो आणि १९९६ पासून टोरोंटोला लागून असलेल्या मिसिसागा शहरात राहत आहोत. घर घेतले तेव्हा मागच्या अंगणात एक प्रौढ अ‍ॅश वृक्ष होता. आशियातून आलेला हिरव्या रंगाचा एक भुंगेरा २००२ मध्ये डेट्रॉइट व विंडसर परिसरात प्रथम आढळला आणि पुढच्या दहा वर्षांत त्याने या भागातील अ‍ॅश वृक्षांचा फडशा पाडला. आमचाही वृक्ष वाळला व २०१२ मध्ये तो तोडावा लागला. त्याच्या जागी काय लावावे, या विचारातून आमचा जपानी मेपलशी परिचय झाला. त्या झाडाची छायाचित्रे पाहून गावाकडील आप्तेष्ट वारंवार लिहितात, 'एखादे रोप इकडे घेऊन या.' त्यांना दर वेळी दोन ओळींचे उत्तर देऊन समाधान होत नाही. हा लेख म्हणजे त्या सर्वांना दिलेले एक सविस्तर उत्तर समजावे.

प्रथम झाडाची ओळख करून देणे इष्ट ठरेल. कॅनडाच्या ध्वजावर १५ फेब्रुवारी १९६५ पासून अकरा टोकांचे जे तांबडे पान विराजमान आहे, ते मेपलचे. परंतु तो मेपल वेगळा. येथील साखर मेपल हा साठ-सत्तर फूट उंच जाणारा वनवृक्ष असून त्याच्या रसापासून पाक तयार करतात. जपानी मेपल हा त्याचा दूरचा, अंगाने लहान आणि स्वभावाने शांत असा भाऊबंद. जपान आणि कोरिया ही त्याची मायभूमी. तेथे तो मोठ्या वृक्षांच्या सावलीत, डोंगरउतारावर, सुक्या पानांच्या कुजलेल्या थरात वाढतो. या एका गोष्टीत त्याच्या साऱ्या आवडीनिवडी सामावलेल्या आहेत. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल पीटर थुनबर्ग १७७५ मध्ये जपानला गेला आणि १७८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने या झाडाला 'एसर पाल्मातुम' हे शास्त्रीय नाव दिले. पाल्मातुम म्हणजे तळहातासारखे. जपानी लोकांनी त्यालाच फार पूर्वी 'काएदे' म्हटले होते आणि त्या शब्दाच्या मुळाशी बेडकाचा हात अशी कल्पना आहे. पान हातात घेऊन पाहिले म्हणजे दोन्ही नावे पटतात. त्याचे दुसरे नाव 'मोमिजी'. त्याचा संबंध पाने रंग बदलण्याशी आहे. शरद ऋतूत ही पाने पाहण्यासाठी डोंगरात जाण्याची प्रथा जपानमध्ये शतकानुशतके चालत आली आहे. आमच्या मिसिसागा शहराचे जपानमधील कारिया शहराशी भगिनी-नाते आहे आणि त्याची खूण म्हणून १९९२ मध्ये येथे कारिया उद्यान उघडण्यात आले. या देशातील आमच्या उमेदवारीच्या वर्षांत रविवारची मिस्सा आटोपून मुलांना घेऊन आम्ही तेथे जात असू.

या झाडाचे एक वैशिष्ट्य असे की त्याचे बी कधी आईसारखे होत नाही. एकाच झाडाखाली उगवलेली शंभर रोपे घेतली तर एकाचे पान रुंद, दुसऱ्याचे अरुंद, तिसऱ्याचे तांबूस, चौथ्याचे फिकट हिरवे निघते. जपानी माळ्यांनी ही चंचलता हेरली. अठराव्या शतकाच्या आरंभीच एदो नगरीतील, म्हणजे आजच्या टोकियोतील, रोपवाटिकांच्या ग्रंथांत नावे दिलेले मेपल आढळतात. आज अशा नामवंत जातींची संख्या हजाराच्या पुढे आहे. अमेरिकेतील ओरेगन राज्यात रोपवाटिका चालविणारे जे. डी. व्हर्ट्रीस यांनी १९७८ मध्ये या जातींवर एक मोठा ग्रंथ लिहिला. आजही या विषयातील अभ्यासक त्याच्याच आवृत्त्या चाळतात.

जात टिकवावयाची तर कलम करणे आले आणि कलम म्हटले की कोकणच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. साध्या हिरव्या मेपलच्या बियांपासून खुंट तयार करतात आणि हव्या त्या जातीची काडी हिवाळ्यात, काचघरात त्यावर बांधतात. रोप विकत घेताना पाने पाहण्याआधी हा जोड पाहावा. तो स्वच्छ भरलेला, खाली व वर साधारण सारख्या जाडीचा असावा. जोडाच्या खालून कधी कधी खुंटाचेच फुटवे जोराने वर येतात. ते वेळीच मुळापासून काढले नाहीत तर काही वर्षांत खुंट कलमावर मात करतो आणि विकत घेतलेले झाड निघून जाऊन दुसरेच झाड अंगणात उभे राहते.

आमची पहिली निवड 'ब्लडगुड' ही होती. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील एका जुन्या रोपवाटिकेचे नाव तिला मिळाले आहे. ही जात सरळ वाढणारी, पंधरा ते वीस फुटांपर्यंत जाणारी, थंडीला कणखर. तिची पाने वसंतात उघडतात तीच गडद तांबडी आणि तो रंग उन्हाळाभर बराचसा टिकतो. या भागात तांबडा मेपल लावणाऱ्या दहा घरांपैकी बहुतेकांकडे हीच जात असते आणि त्याला कारणही आहे: ती सहसा निराश करीत नाही. मे २०१३ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या नावाची जी सुटी येथे मे महिन्याच्या उत्तरार्धात येते आणि जिच्या सुमारास कडक दहिवराची भीती सरल्याचे मानतात, त्या सुटीत आम्ही चार फुटांचे रोप लावले.

त्याच वर्षी नाताळाच्या तीन-चार दिवस आधी टोरोंटो परिसरात बर्फाचा पाऊस पडला. पाण्याचा थेंब फांदीला लागता क्षणी गोठत होता. लक्षावधी लोकांच्या घरची वीज गेली. आमच्या रोपट्याच्या प्रत्येक काडीवर बोटभर जाडीची काच चढली होती. अशा वेळी बर्फ झटकून काढण्याचा मोह होतो. तसे करू नये, गोठलेली फांदी काचेसारखीच तुटते, ते आपोआप वितळू द्यावे, असे शेजारच्या पोर्तुगीज आजोबांनी कुंपणावरून बजावले. आम्ही थांबलो. चार दिवसांनी एकही काडी न मोडता झाड मोकळे झाले.

सहा वर्षे ते झाड उत्तम वाढले. आमच्या मुलीच्या लग्नातील छायाचित्रांत ते आहे; आमच्या पहिल्या नातवाला ज्या दिवशी बाप्तिस्मा दिला, त्या दिवशी पाहुण्यांची टेबले त्याच्याच सावलीत मांडली होती. २०१९ च्या जुलैमध्ये एके दिवशी उजव्या बाजूची एक फांदी कोमेजलेली दिसली. पाणी भरपूर होते, कीड नव्हती. आठवडाभरात दुसरी फांदी गेली, तीही उजवीकडचीच. वाळलेली फांदी तिरपी कापून पाहिली तेव्हा सालीखालच्या लाकडात शेवाळी रंगाच्या रेषा दिसल्या. प्रयोगशाळेकडून उत्तर आले: व्हर्टिसिलियम. ही जमिनीतील बुरशी मुळांतून शिरते, पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद पाडते आणि झाड उभ्या उभ्या तहानेने मरते. तिच्यावर औषध नाही. टोमॅटो, वांगी, बटाटे, स्ट्रॉबेरी ही तिची आवडती पिके आणि आमच्यापूर्वी या घरात राहणाऱ्या कुटुंबाचा भाजीचा वाफा नेमका त्याच कोपऱ्यात होता, असे पुढे शेजाऱ्यांकडून समजले. मेपल ही तिची जुनी शिकार आहे. तिचे सूक्ष्म काळे कण यजमान झाड नसतानाही दहा-दहा वर्षे मातीत तग धरतात. म्हणजे झाड गेले तरी त्या जागी पुन्हा मेपल लावता येत नाही. सूचिपर्णी झाडांना मात्र ही बुरशी बाधत नाही. आज तेथे एक स्प्रूस उभा आहे.

माणसाच्या मृत्यूशी झाडाच्या मरणाची तुलना करणे शोभत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही ते झाड तोडून नेल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा आम्ही काही दिवस ओढूनच ठेवीत होतो.

त्यानंतर प्रश्न उभा राहिला तो वयाचा. आमच्यापैकी एकाने पासष्टी गाठली होती, दुसरीचे गुडघे जिना चढताना बोलू लागले होते. चिरंजीव कॅलगरीला, कन्या ओटावाला. चिरंजीवांचे म्हणणे मुळीच अवाजवी नव्हते. "पप्पा, आता बर्फ काढणे तुम्हां दोघांना झेपणार नाही. घर विकून अपार्टमेंट घ्या. आणि मम्मीला झाड हवेच असेल तर कुंडीत लावा, म्हणजे जाल तेथे बरोबर नेता येईल."

जपानी मेपल कुंडीत होतो, ही गोष्ट खरी आहे. त्याची मुळे उथळ व तंतुमय असल्यामुळे मोठ्या कुंडीत त्याला जगता येते. 'शिशिगाशिरा', म्हणजे सिंहाचे मस्तक, किंवा 'मिकावा यात्सुबुसा' यांसारख्या मंद वाढणाऱ्या, दाट पानांच्या जाती त्यासाठी विशेष योग्य. मात्र कुंडीला तिच्या अटी असतात. जमिनीतील मुळांना मातीची ऊब असते. कुंडीतील मुळे चारही बाजूंनी गोठतात. खोड जी थंडी सहज सोसते ती मुळांना सोसत नाही. म्हणून हिवाळ्यात कुंडी गॅरेजसारख्या विनाउष्ण बंदिस्त जागेत ओढून न्यावी लागते, मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा बाहेर काढावी लागते आणि दर तीन-चार वर्षांनी झाड उपटून मुळे छाटून नवी माती भरावी लागते. दहाव्या मजल्याच्या सज्जात वारा एवढा असतो की नाजूक पानांच्या कडा उन्हाळ्यात करपतात.

हे सारे हिशेब आम्ही मांडले. पण खरा विचार पक्का झाला तो घरातील आणि शेजारच्या दोन झाडांकडे पाहून.

घरातील झाड म्हणजे मोगरा. गेली अनेक वर्षे तो कुंडीत आहे. ऑक्टोबर लागला की त्याला दिवाणखान्यात दक्षिणेच्या खिडकीशी आणावे लागते. मे महिना संपत आला की पुन्हा अंगणात. तो जगतो, उन्हाळ्यात पाच-पन्नास फुले देतो आणि त्या सुगंधासाठी आम्ही त्याचे सर्व लाड पुरवितो. परंतु या देशाच्या मातीला त्याचे मूळ कधी लागले नाही आणि लागणारही नाही. शेजारच्या पोर्तुगीज आजोबांचे अंजिराचे झाड वेगळे. ते जमिनीत आहे. दर वर्षी नोव्हेंबरमध्ये आजोबा एका बाजूची मुळे तोडून झाड आडवे वाकवतात, फळ्या आणि पाने घालून त्यावर माती लोटतात आणि वसंतात त्याला पुन्हा उभे करतात. ऐंशी वर्षांचे ते गृहस्थ हे काम कोणाला करू देत नाहीत. अंजीर हिवाळ्यापासून लपतो, मोगरा हिवाळ्यातून पळतो. मेपल मात्र हिवाळा मागतो. थंडीचे काही आठवडे मिळाले नाहीत तर त्याचे डोळे वसंतात नीट फुटतच नाहीत. ज्या थंडीला आम्ही तीस वर्षे शत्रू मानून खिडक्या बंद करीत आलो, ती या झाडाची गरज होती.

मोगऱ्यावर आमची माया आहे आणि ती राहील. परंतु दुसरी कुंडी घरात नको, जे लावायचे ते जमिनीत, असे आम्ही ठरविले. घर पुढे कधी विकावे लागले तर झाड घराबरोबर राहील. चिरंजीवांना तसे कळविले तेव्हा फोनवर ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मग निदान नीट जागा तरी निवडा."

जागेची निवड हीच या झाडाची खरी निवड आहे, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. लोक रोपवाटिकेत जाऊन रंग निवडतात आणि मग घरी येऊन जागा शोधतात. क्रम उलटा हवा. आमच्या घराचे तोंड पूर्वेकडे आहे. पुढच्या अंगणात सकाळचे कोवळे ऊन पडते. दुपारचे कडक ऊन आणि हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा कोरडा वारा यांना घराची भिंतच अडविते. मागच्या अंगणातील दूषित माती तेथून दूर. रस्त्यावर हिवाळ्यात मीठ टाकतात, ते या झाडाला विषासमान. म्हणून रस्त्यापासून चांगले वीस फूट आत एक जागा ठरविली. तेथे हातभर खोल खड्डा खणून पाण्याने भरला आणि पाणी किती वेळात जिरते ते पाहिले. या भागातील माती चिकण आहे; ज्या खड्ड्यात पाणी दुसऱ्या दिवशीही साचून राहते तेथे मेपलची मुळे कुजतात. आमचे पाणी संध्याकाळपर्यंत जिरले. जागा पसंत झाली.

मग जात. तांबड्या पानांच्या जातींना रंगासाठी काही तास ऊन लागते. फार सावलीत त्या मळकट हिरव्या होतात. बारीक झालरीसारख्या पानांच्या, खाली झुकणाऱ्या जाती, उदाहरणार्थ 'क्रिम्सन क्वीन' किंवा 'तामुकेयामा', फार देखण्या. त्या उंचीपेक्षा रुंदीला अधिक वाढतात आणि लहान अंगणात शोभतात. परंतु झालरीची पाने उन्हावाऱ्यात लवकर करपतात. 'सांगो-काकु' या जातीच्या कोवळ्या फांद्या हिवाळ्यात पोवळ्यासारख्या लाल होतात. मात्र आमच्याकडील थंडीत तिच्या फांद्या टोकाकडून वाळण्याची तक्रार ऐकू येते. मे २०२० मध्ये येथे अवेळी हिमवर्षाव झाला आणि नुकतीच उघडलेली पाने रात्रीत काळी पडलेली आम्ही पुष्कळ अंगणांत पाहिली. तेव्हा उशिरा पाने उघडणाऱ्या 'एम्परर वन' या जातीचाही विचार केला.

शेवटी आम्हां दोघांत मतभेद होता तो एवढाच: उन्हाळाभर तांबडे राहणारे झाड घ्यावे की हिरवे. एकाचे म्हणणे, पैसे मोजायचे तर सहा महिने रंग दिसावा. दुसरीचे म्हणणे, जे रोज दिसते ते पाहायचे राहून जाते. दुसरीचा पक्ष जिंकला. आम्ही 'ओसाकाझुकी' ही जुनी जपानी जात आणली. हिची पाने रुंद, सात टोकांची आणि वसंतापासून सप्टेंबरपर्यंत साधी हिरवी असतात. वाटसरू वळूनही पाहत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस मात्र दोन आठवडे हे झाड असे पेटते की संध्याकाळी दिवे लावण्याआधी घरात त्याची तांबूस छाया पडते. या लाल रंगामागचे कारणही मोठे विलक्षण आहे. दिवस लहान होऊ लागले की पानातील हिरवे द्रव्य मोडते व आधीपासून दडलेला पिवळा रंग उघडा पडतो. पण लाल रंग तेथे आधी नसतो. तो पान मरणाच्या वाटेवर असताना, उरलेल्या साखरेतून, नव्याने तयार करते. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा, पण गोठण नाही, असे दिवस लाभले तर रंग सर्वांत गडद येतो.

मे २०२१ मध्ये ते रोप लावले. लावण्याची रीत थोडक्यात देतो, कारण ती पुष्कळ झाडांना लागू पडते. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली गड्ड्याएवढीच. कुंडीत गोल फिरलेली मुळे हाताने सोडवून पसरावीत. खोड जेथे मुळांकडे रुंदावते तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. चिकण मातीत तर झाड इंच-दोन इंच उंचावरच बसवावे. खड्ड्यात खताचे ढीग घालू नयेत; जी माती काढली तीच परत लोटावी. वरून लाकडाच्या भुशाचे किंवा सालीचे दोन-तीन इंच आच्छादन घालावे, परंतु ते खोडाला टेकू देऊ नये. पहिली दोन-तीन वर्षे पाणी रोज शिंपडण्याऐवजी आठवड्यातून एक-दोनदा सावकाश, खोलवर द्यावे आणि जमीन गोठेपर्यंत ते चालू ठेवावे.

पुढील वर्षचक्र फारसे कष्टाचे नाही. पहिल्या हिवाळ्यांत पश्चिमेच्या बाजूने चार खुंट्या ठोकून गोणपाटाचा आडोसा करतो. बर्फात ससे कोवळी साल कुरतडतात, म्हणून खोडाभोवती तारेची जाळी घालतो. वसंतात काप दिल्यास मेपल भळाभळा रस गाळतो. म्हणून छाटणी करायची ती ऐन थंडीत अथवा ऐन उन्हाळ्यात आणि तीही हात राखून: वाळलेली, एकमेकींवर घासणारी काडी तेवढी काढावी. ऑन्टारिओ प्रांतात २००९ पासून शोभेच्या बागांत रासायनिक कीटकनाशके वापरण्यास बंदी आहे. माव्यावर पाण्याचा फवारा पुरतो. जुलैमध्ये जपानी भुंगेरे येतात. झाड आणि कीड एकाच देशचे, असे म्हणत आम्ही ते सकाळी हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकतो.

आता आप्तेष्टांच्या मागणीकडे वळू. हे रोप वसईत का होणार नाही, याचे उत्तर वर येऊन गेले आहे. आपल्याकडील जानेवारी त्याला हिवाळा वाटतच नाही. झोप न मिळालेल्या माणसासारखे ते क्षीण होत जाईल आणि एप्रिलच्या उन्हात त्याची पाने करपतील. शिवाय एका देशातून दुसऱ्या देशात माती-मुळांसह रोप नेण्यावर कायद्याची बंधने आहेत आणि एका परदेशी भुंगेऱ्याने इथल्या अ‍ॅश वृक्षांचे काय केले ते पाहिल्यावर ती बंधने योग्यच वाटतात. मेपलकुळातील काही जाती हिमालयात आपणहून वाढतात; ज्यांना पाहायचे असतील त्यांनी दार्जिलिंगकडील डोंगरांत जावे. काश्मीरचा चिनार मात्र पानाने सारखा दिसला तरी मेपल नव्हे, ते कुळच निराळे.

आमच्या दोघांच्याही आईवडिलांच्या कबरी वसईत आहेत. दोन नोव्हेंबरला तेथे भावंडे फुले ठेवतात, मेणबत्त्या लावतात. येथे त्या सुमारास दहिवराने अंगणातील शेवटची शेवंतीही जळून गेलेली असते आणि मोगरा तर केव्हाच फुलायचा थांबलेला असतो. पूर्वी आम्ही त्या दिवशी दुकानातून फुले आणीत असू. गेली काही वर्षे आणत नाही. त्या आठवड्यात 'ओसाकाझुकी' रंगात असतो. त्याची आठ-दहा पाने काचेच्या बशीत घालून आईवडिलांच्या तसबिरींपुढे ठेवतो. त्यांनी हे झाड कधी पाहिले नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाने सुकून कडेने वळू लागतात, तोवर बाहेरचे झाडही उघडे पडत आलेले असते.

झाड आज आमच्या डोक्याच्या वर गेले आहे. वीस फुटांचे होईल तेव्हा आम्ही या घरात नसू, हे उघड आहे. कदाचित कोठेच नसू. चिरंजीव आता त्याविषयी काही म्हणत नाहीत. गेल्या खेपेस आले तेव्हा आपल्या मुलाला त्यांनी खुंटावरचा फुटवा कसा ओळखायचा ते दाखविले.

ज्यांची लेकरे या देशात आहेत अशी वसईतील वडीलधारी मंडळी भेटीला येतात ती मे-जूनमध्ये, थंडी चुकवून. तसे येणे सोयीचे खरे. परंतु एखाद्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात यावे, एक जाडसर स्वेटर घेऊन. घर आमचे असेल तर चहा होईलच. नसले तरी झाड पुढच्या अंगणात आहे. ते रस्त्यावरूनही दिसते.